भानू अथैया: पडद्यावरच्या कपड्यांमागचे नाव

भानू अथैया म्हणजे पूर्वाश्रमीच्या भानुमती राजोपाध्ये. त्यांचा जन्म 28 एप्रिल 1929 रोजी कोल्हापुरात झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. त्यांचे छत्र लवकर हरपले. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकून भानुमती चित्रकार झाल्या आणि पोटासाठी ‘ईव्हज वीकली’त फॅशनची रेखाटने काढू लागल्या. पुढे कागदावरचे कपडे प्रत्यक्षात शिवले जाऊ लागले, नटी गिऱ्हाईक म्हणून आल्या आणि चित्रकला मागे पडली. गुरुदत्त यांच्या संस्थेच्या ‘सी.आय.डी.’पासून (1956) त्यांचा जम बसला.

‘आम्रपाली’साठी (1966) त्यांनी आधार घेतला तो अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा. वैजयंतीमालाच्या अंगावर कमरेला गुंडाळलेले अंतरीय आणि छातीवर पट्टा आला; पुढे पुराणकाळ दाखवायचा तर बहुतेकांनी हाच साचा उचलला. ‘वक्त’मधील (1965) साधनाच्या घट्ट चुडीदारांनी तरुण मुलींना वेड लावले. ‘ब्रह्मचारी’त (1968) मुमताजला भरभर नाचता यावे, म्हणून नारिंगी साडी अंगाबरोबर शिवून घेतली होती. तिची नक्कल आजही होते, पण ‘मुमताज साडी’ म्हणून. पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओरचे नाव कपड्याच्या पट्टीवर झळके. इथे श्रेय नटीच्या पदरात पडे.

‘गांधी’ने (1982) हे बदलले. इंग्रज पात्रांचे गणवेश जॉन मोलो यांच्याकडे, भारतीयांचे कपडे भानू यांच्याकडे. काम दिसते त्याहून अवघड होते. दक्षिण आफ्रिकेतला सुटाबुटातला बॅरिस्टर पंचा नेसलेला महात्मा होईपर्यंतचा अर्धशतकाहून मोठा प्रवास कपड्यांतून उलगडायचा होता. शिवाय प्रचंड जमावातही प्रांताप्रांतांची पागोटी, धोतरे, साड्या खऱ्या वाटायला हव्या होत्या. या वेशभूषेचा डौल भरजरीपणात नव्हताच, आणि तो मोह टाळणे हेच खरे कसब. 1983 साली मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. जब्बार पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ची वेशभूषाही त्यांचीच. 2010 साली वेशभूषेवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. आपल्यामागे ऑस्करची नीट निगा राहावी, म्हणून 2012 साली त्यांनी ते हा पुरस्कार देणाऱ्या अकादमीकडेच सोपवले. 15 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.