वाट पायातून, घाव फुप्फुसावर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गाढ झोपी गेलेल्या किल्लारीच्या परिसरात भूकंपाने माळवदाची घरे कोसळली आणि दगडमातीखालून जिवंत निघालेली, मोडल्या मांडीची व नडगीची माणसे दवाखान्यांत दाखल झाली. हाड सांधावयाचे तर पाय स्थिर ठेवणे प्राप्त आहे. परंतु पाय स्थिर राहिला की त्यातील रक्तप्रवाह मंदावतो आणि खोल शिरांत गुठळी धरण्याचे भय वाढते, हा देहधर्मातला कठीण पेच आहे.

अशी गुठळी सुटली म्हणजे ती, कालव्याच्या पाण्याबरोबर वाहत आलेली काटक्यांची मोळी मोठ्या पाटातून सुखरूप जाऊन शेतचारीच्या तोंडाशी अडकावी तशी, रुंदावत जाणाऱ्या शिरांतून हृदयाच्या उजव्या बाजूस पोहोचते आणि पुढे फुप्फुसाकडे जाणाऱ्या, निमुळत्या होत जाणाऱ्या रोहिणीत अडते. हा प्रवास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाने उलगडला. प्रवाहाची मंदगती, वाहिनीच्या भिंतीस इजा आणि रक्ताच्या घटकांतील बदल ही गुठळीची तीन कारणे आजही त्याच्याच नावाने शिकविली जातात.

यास मोडलेलाच पाय लागतो असे नाही. १९४० साली लंडनवरील बॉम्बवर्षावात आश्रयगृहांतील खुर्च्यांवर रात्र काढणाऱ्यांत फुप्फुसात गुठळी अडकून झालेले मृत्यू आढळले. २००४ साली जपानच्या निगाता प्रांतात भूकंपानंतर धास्तीने मोटारींतच झोपणाऱ्यांनाही हाच विकार जडला. शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोग आणि दीर्घ प्रवास यांतही हे भय असते.

एकाएकी लागलेला दम, श्वास घेताना छातीत उठणारी कळ, जलद नाडी, क्वचित थुंकीतून रक्त वा घेरी, ही त्याची लक्षणे होत. संशय बळावल्यास शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेले सीटी स्कॅन अडसराची जागा दाखविते. १९१६ साली श्वानाच्या यकृतात शोध लागलेले हेपॅरिन गुठळी वाढू देत नाही, आणि तेवढ्या अवधीत शरीर स्वतःच ती हळूहळू विरघळविते; पुढे किमान तीन महिने गुठळी रोखणाऱ्या गोळ्या घ्याव्या लागतात. त्यांत वॉरफॅरिन असल्यास रक्ताची नियमित तपासणी आणि मेथी-पालकाच्या प्रमाणात सातत्य अगत्याचे ठरते. रक्तदाबच कोसळला तर गुठळी विरघळविणारे औषध तातडीने द्यावे लागते; त्यात रक्तस्रावाची जोखीम असल्याने तो निर्णय तज्ज्ञानेच करावयाचा.

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या रुग्णास नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयापर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर यावे लागते, आणि या दुखण्यात घटका-घटका मोलाची असते. म्हणून बिछान्यावर पडलेल्या माणसाची एक पोटरी सुजून दुखू लागली, तर ती 'मुका मार' म्हणून चोळत बसू नये. आणि ज्यास अकस्मात दम लागला त्याची छाती तपासताना पायाचीही चौकशी व्हावी. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर 'उठा, चार पावले चाला' असे सांगतात, तो रुग्णास केलेला जाच नव्हे; त्या चार पावलांनी पोटरी आवळते, शिरेतले रक्त वर ढकलले जाते आणि गुठळीस मुक्कामाला जागा उरत नाही.