‘शेक’ या शब्दाने केलेला घोटाळा

तोंड-घशाच्या कर्करोगावरील किरणोपचाराला बोलीत ‘लाइट घेणे’ किंवा ‘शेक घेणे’ म्हणतात. साधारण 30 ते 35 बैठका, आठवड्याला 5, म्हणजे सहा-सात आठवडे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरा त्रास सुरू होतो आणि त्याच सुमारास भेटायला येणाऱ्यांचे सल्लेही. त्रास आटोक्यात ठेवता येतो. सल्ल्यांचे तसे नाही.

‘शेकाने अंगात उष्णता वाढते, म्हणून उष्ण पदार्थ बंद करावेत.’

दोष नावाचा आहे. मानेची कातडी काळवंडते, तोंड आतून सोलवटते, घास गिळताना आग होते. सारे भाजल्यासारखेच, तेव्हा उष्णता आठवणारच. प्रत्यक्षात एका बैठकीत सुमारे 2 ग्रे मात्रा मिळते आणि तेवढ्या ऊर्जेने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही. किरण पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. तोंडाचे अस्तर एरवी एक-दोन आठवड्यांत नवे होत असते. आता जुना थर झिजतो आणि खालून पुरेसा नवा येत नाही. म्हणूनच तोंड पहिल्या दिवशी येत नाही, दहा-पंधरा दिवसांनी येते. सब्जा किंवा गुलकंदाने काही बिघडत नाही. पण ‘उष्ण’ म्हणून अंडी, मासे, डाळी ताटातून काढल्या की बिघडते, कारण जखम भरायला प्रथिने लागतात. तूप घातलेला मऊ वरणभात, खिमट, दुधातली नाचणीची पेज, नीट शिजवून मऊ केलेले अंडे, यांतले जे गिळेल ते, थोडे थोडे आणि पुनःपुन्हा. वजन उतरले की आणखी एक घोटाळा होतो. बैठकीच्या वेळी चेहऱ्यावर बसवतात तो जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा रुग्णाच्या मापाने घडवलेला असतो. गाल आत गेले की डोके त्यात हलू लागते, आणि कधी कधी सगळे नियोजन पुन्हा करावे लागते.

‘तोंड फार आले तर आठवडाभर लाइट थांबवावी.’

हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. विश्रांती दिली की जखम भरते, हे खोटे नाही. पण त्याच विश्रांतीत गाठही सावरते. उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कर्करोगपेशी अधिक वेगाने वाढू लागतात. वाया गेलेल्या प्रत्येक दिवसामागे त्या जागचा आजार आटोक्यात राहण्याची शक्यता सरासरी 1 टक्क्याहून थोडी जास्त घटते, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. गणपतीला गावी जाऊन ‘आठ दिवसांत येतो’ म्हणणाऱ्या रुग्णाला हा हिशेब कोणी सांगितलेला नसतो. थांबायचे की नाही, हा निर्णय डॉक्टरांचा.

मग तोंडाचे करायचे काय? 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 1 चमचा मीठ आणि 1 चमचा खायचा सोडा. दिवसातून पाच-सहा गुळण्या, शिवाय प्रत्येक खाण्यानंतर एक. अल्कोहोल असलेले माउथवॉश नको. वेदनाशामक जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे, जेवून झाल्यावर नव्हे. जिभेवर किंवा टाळ्यावर पांढरे थर दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ते खरवडू नयेत, डॉक्टरांना दाखवावेत. आणि दाताच्या कळेवर मशेरी लावण्याची सवय असेल, तर ती याच दिवसांत सर्वाधिक घात करते.

‘नाकातून नळी घातली म्हणजे आशा संपली.’

ही भीती अनुभवातून येते: घरातल्या कोणाच्या तरी अखेरच्या दिवसांत ती नळी पाहिलेली असते. किरणोपचारातली नळी बहुतेकदा तात्पुरती असते आणि तिच्यामुळेच उपचार अर्धवट सुटत नाहीत. मात्र नळी आली म्हणून गिळणे सोडू नये. गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टने परवानगी दिली असेल तर घोट घोट पाणी चालू ठेवावे. न वापरलेले घशाचे स्नायू आखडतात.

‘मॉर्फिन सुरू केले की व्यसन लागते.’

तंबाखूने घर पोखरलेले पाहिलेल्या कुटुंबाला ‘व्यसन’ शब्दाचा धसका असणे समजण्यासारखे आहे. पण वेदनेसाठी मोजून, वेळेवर दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. तोंड भरून आले की मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून ते बंद होते. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ ठरलेली. त्यासाठी पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. रुग्णांना ही औषधे मिळणे सोपे व्हावे म्हणून 2014 मध्ये अमली पदार्थविषयक कायदाही बदलण्यात आला.

‘रुग्णाजवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये.’

यंत्र बंद झाले की किरण संपले; अंगात काही उरत नाही. हा समज थायरॉइडच्या किरणोत्सारी आयोडीन उपचारावरून आला असावा. तिथे काही दिवस अंतर ठेवावे लागते, इथे नाही.

‘मानेला पाणी लागू देऊ नये.’

पूर्वी कातडीवर काढलेल्या शाईच्या खुणा जपाव्या लागत. आता त्या बहुधा मुखवट्यावर असतात. कोमट पाणी, सौम्य साबण आणि टिपून कोरडे करणे एवढे पुरे. हळदीचा लेप आणि दाढीचे पाते दोन्ही दूर ठेवावे.

‘शेवटची लाइट झाली, त्रास संपला.’

पुढचे एक-दोन आठवडे उलट अधिक जड जाऊ शकतात. चव बहुतेकांना काही महिन्यांत परत येते. लाळेचे सांगता येत नाही. लाळग्रंथी वाचवणाऱ्या आयएमआरटी तंत्राने फरक पडतो. ब्रिटनमधील ‘पारस्पोर्ट’ चाचणीत (2011) वर्षभरानंतर लक्षणीय कोरडेपणा जुन्या पद्धतीच्या 74 टक्के रुग्णांत होता, नव्या तंत्राच्या 38 टक्क्यांत. म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. तोंड उघडण्याचे व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवावे लागतात; गुटखा-सुपारीने तोंड आधीच आखडलेल्यांना तर अधिकच. स्वतःची तीन बोटे उभी दातांत मावत नसतील तर दाखवायला जावे. मानेवर किरण पडले असतील तर थायरॉइडची टीएसएच तपासणी दर 6 ते 12 महिन्यांनी.

आणि दात. लाळ आटली की ते झपाट्याने किडतात, आणि किरण लागलेल्या जबड्यातली दाढ उपटली तर हाड न भरता कुजू शकते. हा धोका आयुष्यभर राहतो. म्हणून दहा वर्षांनी दाढ दुखली तरी, खुर्चीत बसण्याआधी दंतवैद्याच्या हातात किरणोपचाराचा कागद द्यावा.