बिनड्युटीची सळई

सकाळी ८.००
भोसरी एमआयडीसीत पहिली पाळी सुरू झालेली असते तेव्हा मी आमच्या गिअर कारखान्यातल्या आयात-निर्यातीच्या टेबलाशी येते. चहाआधी आइसगेट, म्हणजे कस्टमचे पोर्टल, उघडायचे, ही जुनी सवय. न्हावा शेव्याला आमचे दोन कंटेनर उतरलेत आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद, अजून पुढे सरकलेली नाही. आत मिश्रधातूच्या पोलादाच्या सळया आहेत, परदेशी गिऱ्हाइकाने गिअरसाठी नेमून दिलेल्या प्रतीच्या. त्या आम्ही अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशनवर आणतो, म्हणजे निर्यातीच्या मालासाठी कच्चा माल ड्युटी न भरता आणायच्या योजनेच्या परवान्यावर. जुनी माणसे अजून ‘लायसन्स’च म्हणतात.

९.१५
सीएचएकडच्या, म्हणजे कस्टम एजंटाकडच्या, मुलाचा फोन. "ताई, बाँड नोंदवलाय ना?" न भरलेल्या ड्युटीच्या हमीचा हा बाँड. नोंदवलाय. लायसन्सवरचा आयटम नंबर त्याने चुकवलाय, एवढेच. दुरुस्ती लगेच झाली नाही तर शिपिंग लाइनचे डिटेन्शन सुरू होईल आणि ड्युटीत वाचलेले बंदरावरच जाईल. दुरुस्ती होईपर्यंत मी फोन ठेवत नाही.

१०.३०
अकाउंट्समध्ये नवा मुलगा आलाय. त्याने विचारले, सरकार एवढे पैसे सोडते तरी का? त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. समज, सळई एक कोटीची. बेसिक ड्युटी साडेसात टक्के, म्हणजे साडेसात लाख. तिच्यावर समाजकल्याण अधिभार दहा टक्के, पाऊण लाख. या एक कोटी सव्वाआठ लाखांवर १८ टक्के आयजीएसटी, १९ लाख ४८ हजार ५००. एकूण २७ लाख ७३ हजार ५००. माल शेडमध्ये यायच्या आधी रोख.

"पण आयजीएसटी परत मिळतो की," तो म्हणाला. मुलगा हुशार आहे. मिळतो, पण माल बनून, जहाजावर चढून, क्रेडिटचा किंवा परताव्याचा मार्ग मोकळा झाल्यावर. तोवर ते पैसे बँकेच्या कॅश क्रेडिटमधून जातात आणि त्यावर व्याज चढते. खरी गळती आठ लाख २५ हजारांची. ड्रॉबॅकमधून, म्हणजे निर्यातीनंतरच्या ड्युटी परताव्यातून, तिचा काही भाग नंतर निघतो, पण परदेशी गिऱ्हाइकाला दर आज द्यायचा असतो. आपली कस्टम ड्युटी त्याने का भरावी? त्याला तीच वस्तू दुसऱ्या देशातून मिळते. म्हणून निर्यातीच्या मालात जाणाऱ्या कच्च्या मालावर ड्युटी घ्यायचीच नाही, असा हा व्यवहार आहे. याला मी सवलत म्हणत नाही. न लावायचा कर लावला नाही, एवढेच.

बदल्यात अटी आहेत. १२ महिन्यांत आयात, १८ महिन्यांत निर्यात, मूल्यवर्धन किमान १५ टक्के. चुकलात तर ड्युटी व्याजासह भरा.

१२.००
मागच्या गल्लीत जॉबवर्कवाल्यांकडे चक्कर. हा माझा आवडता तास, कारण योजनेचे पैसे कुठे जातात ते इथे डोळ्यांना दिसते. फोर्जिंग झालेले गिअर इथे सीएनसीवर चढतात. पत्र्याच्या शेडमध्ये चार मशिने, एक हप्त्यावरचे, मालक स्वतः दुसऱ्या पाळीला उभा.

"मॅडम, माल बिनड्युटीचा तुमचा. आम्हाला काय?"

"तुम्हाला ऑर्डर," मी म्हणाले. तो हसला, पण त्याला ते माहीत आहे. दर टिकला नाही तर ऑर्डर जाते, आणि पहिल्यांदा याचे मशीन थांबते, आमचे नंतर. त्याच्यानंतर माल हीट ट्रीटमेंटला, मग ग्राइंडिंगला, शेवटी पॅकिंगला. पॅलेट बनवणाऱ्याचे पोटही यावरच, कारण परदेशी जाणाऱ्या लाकडाला उष्णता-प्रक्रियेचा शिक्का लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो. टेम्पोवाला आहे, वजनकाटा आहे, तीन वाजताची भजी आहेत. यांतल्या एकानेही परकीय व्यापार धोरण २०२३ वाचलेले नाही.

जॉबवर्क करणाऱ्याचे नाव लायसन्सवर चढवावे लागते, आणि जीएसटीच्या नियमाने माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. चलन तपासून निघाले.

१.१५
डबा.

२.००
स्टोअर. काकांचे रजिस्टर कॉम्प्युटरपेक्षा खरे असते. हीट नंबर, इश्यू, परत आलेले वजन, भंगार. सळईतले किती पोलाद गिअरमध्ये जाते आणि किती वाया, याचे प्रमाण मंजूर असते. त्याबाहेरचा प्रत्येक किलो आमच्या अंगावर. बिनड्युटीची सळई स्थानिक ऑर्डरला वापरायची नाही. निर्यात पुरी झाल्यावरही ती सळई विकता येत नाही. सुपरवायझरला घाई असली की तो हे विसरतो. मी विसरू देत नाही.

कागदाची धास्ती उगाच नाही. ऑक्टोबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात आयजीएसटी माफीला ‘आधी आयात, मग निर्यात’ अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती वैध ठरवली आणि देशभरच्या निर्यातदारांना जुन्या फायली उघडून बसावे लागले.

३.३०
साहेबांशी रोजचा वाद. मी म्हणते, यातली एक प्रत आपल्या देशातली मिल देऊ शकते, तिच्याकडून घ्या. बिनड्युटीची आयात म्हटली की देशी पोलादवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण यावर तोड योजनेतच आहे. तेवढ्या मालापुरते लायसन्स आयातीसाठी ‘इनव्हॅलिडेट’ करून घ्यायचे. मग देशी पुरवठा ‘डीम्ड एक्स्पोर्ट’ धरला जातो आणि मिललाही तिच्या कच्च्या मालावर तोच लाभ मिळतो. समुद्रातला महिना वाचतो, डॉलरही. साहेब म्हणतात, गिऱ्हाइकाची मंजुरी घ्यायला सहा महिने जातील. जातील. आज सुरू केले नाही तर पुढच्या वर्षीही सहाच लागतील. शेवटी नमुने मागवायचे ठरले.

५.००
कंटेनर भरला, ई-सील लागले. शिपिंग बिलावर लायसन्सचा नंबर आहे ना, हे मी स्वतः पाहते. तो राहिला तर माल जातो, पण निर्यात खात्यावर धरली जात नाही.

६.१५
जुन्या लायसन्सचे ईबीआरसी जुळवले, म्हणजे बँकेत पैसे खरोखर आल्याचे दाखले. ते पुण्याच्या डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) कार्यालयाकडे जातील, पूर्ततेचे पत्र मिळेल, मग बाँड सुटेल.

माझे स्पष्ट मत आहे: ही योजना चांगली आहे, पण ज्यांना माझ्यासारखी पगारी माणसे परवडतात त्यांच्यासाठीच. गल्लीतला सीएनसीवाला उद्या स्वतः निर्यात करू शकेल, पण कागदाच्या भीतीने करत नाही आणि आमच्या ऑर्डरवर थांबतो. अशा धंदेवाल्यांना सांगणे एवढेच: संघटनेत चौघे मिळून आयात-निर्यातीचे कागद बघणारा एक एक्झिमवाला ठेवा, आणि पहिली सळई आत येईल त्याच दिवशी रजिस्टर उघडा.