वाटीतलं दूध आणि मांजराचं पोट

मांजर आणि दूध ही जोडी आपल्या भाषेनं फार घट्ट बांधून ठेवली आहे. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीत आहे, शिंकं तुटलं की बोक्याचं फावतं तेही दुधादह्यामुळेच. म्हणून घरात पिल्लू आलं की पहिली वाटी दुधाची, आणि चार दिवसांनी त्यात कुस्करलेली भाकरी. सोलापूरकडच्या घरांत मांजर हौसेपेक्षा गरजेनं पाळलं जातं. घरात ज्वारीची पोती असतात, सुताचे गठ्ठे असतात, आणि उंदरांना दोन्ही प्रिय. पण उंदरांसाठी आणलेल्या या प्राण्याला आपण जेवू घालतो ते मात्र माणसाचं जेवण. मग पिल्लाला हगवण लागते. आपण म्हणतो, नजर लागली. हगवणीनं अंगातलं पाणी गेलं की एवढासा जीव एकदोन दिवसांत हातचा जातो. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. हौस म्हणून नव्हे, शरीराची घडणच तशी. धनगराच्या मेंढीचं आतडं तिच्या अंगाच्या लांबीच्या सुमारे पंचवीसपट असतं, कारण चारा पचायला वेळ लागतो. मांजराचं आतडं जेमतेम चौपट. मांस लवकर पचतं, त्याला लांबचा रस्ता लागत नाही. युरोप-अमेरिकेत फेरेट नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी पाळतात. त्याचं आतडं इतकं आखूड, की खाल्लेलं तीनचार तासांत बाहेर पडतं. अशा पोटात धान्य गेलं तर ते अर्धवट पचतं आणि आतच आंबतं. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारा रस नाही, पुढेही तो थोडाच. मंगळवेढ्याची मालदांडी आपल्याला कितीही गोड लागो, मांजराला गोडी कळतच नाही. गोड चव ओळखणारं जनुकच मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली संशोधकांनी दाखवून दिलं.

आता दुधाचं. पिल्लू आईला पितं तोवर दुधातली साखर पचवणारा रस त्याच्या पोटात असतो. दूध सुटलं की तो आटत जातो. मग गाईम्हशीचं दूध पोटात गेलं की गुडगुड, वायू, पातळ शौच. एखाद्या मांजराला थोडं दूध सोसतं, पण ते त्याचं अन्न नव्हे. त्याची तहान पाण्यानंच भागवावी. तेही आठवणीनं, कारण मांजराचे पूर्वज वाळवंटाकडचे आणि त्याला तहान कमीच लागते. उंदराच्या अंगात साठसत्तर टक्के पाणी असतं, ते खाल्लं की त्याचं बरंचसं भागतं. दुकानातल्या कोरड्या खाद्यात मात्र पाणी दहा टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा केवळ कोरड्या खाद्यावरच्या मांजराला मलावरोध होतो. घरात दोनतीन ठिकाणी पाण्याची पसरट भांडी ठेवावीत.

मग घालावं काय? कोंबडीचं मांस, थोडं काळीज, हृदय, उकडलेलं अंडं, काटे काढलेला मासा. मीठ-मसाला नको. मांसात टॉरीन नावाचं एक द्रव्य असतं. ते मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की दृष्टी जाते, हे १९७५ साली कळलं, आणि हृदय दुबळं होतं, हे १९८७ साली. मांस उकडलं की हे द्रव्य पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नये, त्यातच मांस कालवून द्यावं. काळीज मात्र रोज नको, त्यातलं अ जीवनसत्त्व साठत गेलं की हाडं धरतात. नुसत्या मांसात चुना कमी, म्हणून कायम घरचंच खायला घालायचं असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. कच्चं मांस टाळलेलंच बरं. २०२४च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले, आणि संशय गेला तो खाल्लेल्या मांसावर. वाघाची ही गत, तिथे त्याच्या मावशीचं काय?

आपल्या ताटातलं उरलंसुरलं देताना तर फार जपावं. सोलापूरचा रस्सा आणि शेंगाचटणी लसणाशिवाय होत नाही, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजलेल्या हाडाची अणकुचीदार कपची आतड्यात रुतते. बकरी ईदला मोहल्ल्यातल्या मांजरांची चंगळ असते, पण चरबीचे गोळे खाऊन दुसऱ्या दिवशी तीच ओकत फिरतात. त्या दिवशी चरबी काढून बिनमसाल्याचे दोन तुकडे बाजूला ठेवले तर त्यांचीही ईद सुखाची होईल.

खाणं बदलायचं तर एकदम नको, आठवडाभरात हळूहळू बदलावं. एकाच वेळी भरपूर घालण्यापेक्षा थोडं थोडं चारपाच वेळा द्यावं. रानातलं मांजरही दिवसभरात एकेक उंदीर करत पोट भरतं. क्वचित केसांचा गोळा ओकणं किंवा गवत खाणं यानं घाबरू नये. मात्र शौचात रक्त दिसलं, वारंवार ओकारी झाली किंवा मांजरानं दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर डॉक्टरांकडे न्यावं. लठ्ठ मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेततं.

हदीसमध्ये एका बाईची गोष्ट येते. तिनं मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे बारीकसारीक जीव त्याचं त्याला खाऊही दिले नाहीत. त्यासाठी ती दोषी ठरली. उपाशी ठेवण्याचा दोष आपल्याला चटकन कळतो. पण त्या गोष्टीत मांजराच्या स्वतःच्या अन्नाचीही आठवण ठेवली आहे. भूतदया म्हणजे आपल्याला गोड लागतं ते दुसऱ्यापुढे ठेवणं नव्हे, त्याला काय पचतं ते आधी जाणून घेणं.