लष्करातून आलेली फोर-बाय-फोर घ्यायचीये? आधी कागद, मग लोखंड

ज्यांनी हा भाग ऐकला नाही किंवा लोकलमध्ये, पीएमपीएमएलमध्ये इअरफोन विसरला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना जे 'अं... म्हणजे...' झालं होतं ते काढलंय, बाकी सगळं तसंच आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. दिवसभर दुसऱ्याने लिहून ठेवलेला जुना कोड दुरुस्त करतो. आणि गेली तीन वर्षं शनिवार-रविवारी लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्यांच्या मागे फिरतो. दोन्हींत फार फरक नाही. कुणीतरी कधीतरी काहीतरी जोडलेलं असतं, का जोडलं ते कुठेच लिहिलेलं नसतं.

हे खूळ बाबांमुळे. बाबा ईएमईमध्ये हवालदार होते, म्हणजे सैन्याच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणारी शाखा. निवृत्तीनंतर आम्ही दिघीला आलो. लहानपणी गोष्टी ऐकल्या त्या राजा-राणीच्या नाही, जोंगाच्या. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. तेव्हा मला वाटलं, त्यांच्या कानात आणि बोटांत जे आहे ते आत्ता शिकलो नाही तर राहून जाईल. म्हणून जोंगा शोधायला निघालो. आणि पहिल्याच झटक्यात चाळीस हजारांना फसलो. ते सांगतोच, पण आधी गाड्या ओळखून घेऊ.

तीन घराणी

पहिलं घराणं विलीज. दुसऱ्या महायुद्धात विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जवळपास जुळ्या जीप अमेरिकेत मिळून सहा लाखांहून जास्त बनल्या. त्यातल्या बऱ्याच भारतातही आल्या. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे उंच बॉनेटवाली सीजे-३बी आपल्याकडची 'जीप' झाली. त्यामुळे घोळ असा की 'वर्ल्ड वॉरची विलीज' म्हणून विकायला आलेल्या गाडीत अर्धे भाग महिंद्राचे निघतात.

ओळखायचं कसं? युद्धकाळातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. चासीचा सगळ्यात पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराच्या पट्टीचा असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा आपला 'एफ' कोरला होता. मूळ वायरिंग ६ व्होल्टचं. १२ व्होल्टची बॅटरी दिसली की समजायचं, मध्ये कुणीतरी हात घातलाय. त्यात वाईट काही नाही, फक्त किंमत 'ओरिजिनल'ची देऊ नका.

दुसरं घराणं जोंगा. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून हा शब्द झाला. निसान पेट्रोल ६० या मॉडेलचा परवाना घेऊन ही गाडी जबलपूरच्या कारखान्यात १९९९ पर्यंत बनत होती. सहा सिलिंडर एका ओळीत, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. बाबा म्हणतात, "गाडी नाही ती, हत्ती आहे. कामाला हत्ती आणि खायलाही हत्ती." २०१९ मध्ये धोनीने जोंगा घेतली, तेव्हा आपल्या पिढीला हे नाव कळलं.

तिसरं घराणं जिप्सी, म्हणजे सगळ्यात ओळखीचं. डिसेंबर १९८५ मध्ये आली तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं, १९९६ पासून १.३ लिटरची 'किंग'. त्या इंजिनाचं एस्टीमशी सख्खं नातं, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. लष्करी जिप्सीच्या खुणा बघा: मागे ओढायचा हूक, जेरीकॅनची चौकट, आणि मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढरा रंग आणि त्यावर पडणारा बारीक दिवा. रात्री हेडलाइट बंद ठेवून ताफा चालतो तेव्हा मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत चालतो. मला हे कळलं तेव्हा मी अर्धा तास गाडीखालीच पडून होतो.

चाळीस हजारांचा धडा

नगर रोडच्या पुढे एका शेडमध्ये जोंगा आहे असं कळलं. गेलो. उभी होती, हिरवीगार, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू. विकणारा म्हणाला, "अजून दोन पार्ट्या येणार आहेत." मी तिथेच फोनवरून चाळीस हजार टोकन पाठवलं. बाबांना नंतर सांगितलं, ही पहिली चूक.

पुढच्या रविवारी बाबा आले. इंजिनाकडे बघितलंच नाही. खाली बसले, चासीवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे रॉकेलचा बोळा फिरवला आणि मला बोट लावायला सांगितलं. पत्रा तिथे किंचित खोलगट लागत होता. ग्राइंडर फिरवून पुन्हा आकडे ठोकले होते, आणि दोन आकड्यांचं वळण बाकीच्यांपेक्षा वेगळं. कागद होते, पण ते दुसऱ्याच गाडीचे, बहुतेक कधीच भंगारात गेलेल्या. टोकन परत मिळालं नाही. बाबा ओरडले नाहीत. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "आधी विचारायचं होतंस."

आपल्या भाषेत सांगायचं तर चासी नंबर ही प्रायमरी की आहे. ती खोटी असेल तर बाकीचा सगळा टेबल निरुपयोगी.

कागदांची साखळी

सैन्याची गाडी आरटीओकडे नोंदलेली नसते. तिच्या नंबरप्लेटवर वर टोक असलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे, मग गाडीचा प्रकार सांगणारं अक्षर आणि क्रमांक असतो. ही वेगळी नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली होते. गाडी संरक्षणाच्या कामातून बाहेर पडली की तिला तुमच्या-माझ्या गाडीसारखीच नागरी नोंदणी लागते. त्यासाठी अर्जाचा फॉर्म २० आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संबंधित लष्करी अधिकाऱ्याने दिलेलं फॉर्म २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र. झेरॉक्स नाही, मूळ. 'कागद नंतर करून देतो' असं कुणी म्हटलं की चहा प्या आणि निघा.

लिलाव कुठे होतात? सरकारी माल बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. नोंदणी करा, अनामत भरा, ठरलेल्या दिवशी जाऊन माल बघा. माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा, नंतर तक्रार चालत नाही. लॉटच्या वर्णनात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून वाचा: गाडी म्हणून विकतायत की भंगार म्हणून? भंगार म्हणून घेतलेली गाडी रस्त्यावर आणायची स्वप्नं बघू नका. माझ्या जोंगाचं नेमकं तेच झालं असावं.

आणि हा नळ आता बारीक होतोय. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही, त्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जातात. संरक्षणाच्या प्रत्यक्ष कामातल्या चिलखती आणि विशेष गाड्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे नवशिक्याने लिलावापेक्षा आधीच नागरी आरसी झालेली, कागदांची साखळी पूर्ण असलेली गाडी शोधावी असं माझं मत झालंय.

जिप्सी आली

मी शेवटी तेच केलं. तिसऱ्या मालकाकडून जिप्सी घेतली, दोन लाख दहा हजारांना. आरसी बरोबर, आणि फॉर्म २१ ची प्रत पहिल्या मालकाने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. बाबांनी यावेळी तपासणीची यादी करून दिली, ती तुम्हालाही देतो.

फ्रिजवरचं साधं लोहचुंबक घ्या आणि पत्र्यावर फिरवा. चिकटलं नाही तिथे पुट्टी भरलीये. कार्पेट उचला, फरशीवर स्क्रूड्रायव्हरने टोचा. ऑइलचं झाकण उघडा, आतून दुधासारखा थर असेल तर पाणी शिरलंय. आणि गाडी मातीत नेऊन फोर-व्हील लावून बघा, डांबरावर नाही.

डांबरावर का नाही? वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या जुन्या गाड्यांत फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के बांधले जातात, दोघांना एकाच वेगाने फिरावं लागतं. मातीत चाक जरा घसरून हिशोब जुळवून घेतं. डांबर घसरू देत नाही, मग तो ताण गिअर आणि जॉइंटवर जातो. लिव्हर अडकतो, कधी काहीतरी तुटतं. पावसाळ्यात ताम्हिणीच्या डांबरी रस्त्यावर 'फोर-बाय-फोर' लावून रील काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

माझ्या जिप्सीचा रोग वेगळा होता. पन्नासच्या पुढे स्टिअरिंग हातात थरथरायचं. मी व्हील बॅलन्सिंग केलं, टायर बदलले, पैसे गेले. बाबा शेजारी बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "किंगपिन." पुढच्या अॅक्सलच्या टोकाला गोळा असतो, त्याच्या वर-खाली ज्या खिळीवर चाक वळतं ती किंगपिन. तिथलं सील गेलं की पाणी शिरतं, बेअरिंग गंजतं, चाकाला ढिलाई येते. उघडलं तर ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल.

बेअरिंग आणि सील नाना पेठेत मिळाले. जेरीकॅनची चौकट जुन्या बाजारात, रविवारी सकाळी. एक ब्रॅकेट भोसरीत लेथवर करून घेतलं. चिखलीच्या कुदळवाडीत पूर्वी अशा वस्तूंची गोदामंच होती, पण २०२५ च्या फेब्रुवारीत तिथली बांधकामं पाडली गेली, आता शोध लांबतो. किंगपिनखाली पातळ चकत्या घालून घट्टपणा जमवायचा असतो. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे पाना माझ्या हातात आणि त्यांचं बोट माझ्या मनगटावर. एक चकती काढ, पुन्हा फिरव, अजून एक. चार तास गेले. संध्याकाळी आळंदी रोडला साठचा वेग घेतला, स्टिअरिंग गप्प. बाबा खिडकीबाहेर बघत होते, म्हटलं ठीक आहे ना? म्हणाले, "उजवीकडे अजून जराशी आहे. पुढच्या शनिवारी बघू."

रंग आणि कायदा

आता सगळ्यांचा आवडता प्रश्न: मूळ लष्करी हिरवा रंग देऊ का? नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम म्हणतो, ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. मी वाळूचा रंग दिला आणि आरसीवरही तोच नोंदवला. बाण आणि युनिटच्या खुणा तर अजिबात रंगवू नका.

इंजिन बदलायचं असेल, उदाहरणार्थ जोंगात डिझेल, तर आरटीओची परवानगी आधी. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी फिटनेस आणि आपल्याकडे पर्यावरण कर. गाडी पन्नास वर्षांपुढची आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते: फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरं. पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच.

माझा खर्च? गाडी सोडून एक लाख नव्वद हजार आणि चौदा महिन्यांचे शनिवार. ते चाळीस हजार वेगळे, ते शिकवणीची फी.

गाडी घ्यायची नसेल आणि नुसत्या बघायच्या असतील तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम गाठा. तिथे रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी उभी आहे. आम्ही जिप्सी घेऊन गेलो होतो. बाबा तिथे एका रणगाड्याच्या पट्ट्यापाशी इतका वेळ उभे राहिले की शेवटी शाळेची एक सहल त्यांच्याभोवती जमली आणि ते शिकवायला लागले.

तुमच्या घरात, गावात असा कुणी निवृत्त फिटर, ड्रायव्हर असेल तर त्यांच्याशी बोला आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. सुटे भाग शोधले तर मिळतात, पण 'किंगपिन' असं नुसतं ऐकून सांगणारा माणूस नाना पेठेत मिळत नाही.

पुढच्या भागात बाबांनाच माइकसमोर बसवतोय. जोंगाबद्दलचे प्रश्न पाठवून ठेवा. भेटू!