सर्कशीतला हत्ती आणि त्याचा माहूत

विसाव्या शतकाच्या मध्यावर महाराष्ट्रातून फिरणाऱ्या सर्कशींत हत्ती खेळ करायचा, पण त्याआधी तो राबायचा. मुक्काम बदलला की तंबूचे अवजड खांब उभे करायला दोर ओढणे, चिखलात रुतलेली पिंजऱ्याची गाडी ढकलणे, सामान मैदानापर्यंत नेणे ही कामे त्याच्याकडे असत. प्रेक्षकांना आठवतात ती रिंगणातली पाच-दहा मिनिटे. उरलेला दिवस माहुताच्या आठवणीत राहिला, आणि माहुताने तो सहसा लिहून ठेवला नाही.

भारतीय सर्कस 1880 मध्ये सुरू झाली ती घोड्यांच्या जोरावर. कुरुंदवाड संस्थानच्या पागेत घोड्यांना शिकवणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत इटालियन किआरिनीची सर्कस पाहिली आणि स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस काढली. पुढे म्हैसाळचे देवल, कार्लेकर अशा मराठी मंडळींच्या सर्कशी निघाल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास मालकीचा आणि कलावंतांचा ओघ केरळच्या थलश्शेरीकडे वळला. 1951 मध्ये बिलिमोऱ्यात सुरू झालेली जेमिनी सर्कस याच काळातली. तोवर हत्तींशिवाय मोठी सर्कस ही कल्पनाच उरली नव्हती. जाहिरातीच्या भिंतीवर सगळ्यांत मोठे चित्र बहुधा त्यांचेच असे.

हत्तीचा गर्भकाळ सुमारे 22 महिन्यांचा, आणि बंदिवासात पैदास अवघड. त्यामुळे सर्कशी हत्ती पैदा करत नसत, विकत घेत. म्हैसूरच्या जंगलात खेडा घालून, म्हणजे कळप कुंपणात हाकून, पकडलेले हत्ती आणि बिहारमधला कार्तिकी पौर्णिमेचा सोनपूरचा बाजार हे त्यांचे परिचित मार्ग होते. मागणी माद्यांना जास्त, कारण नर मदावर आला की कानशिलांजवळच्या ग्रंथी पाझरू लागतात आणि तो कोणाचेच ऐकेनासा होतो. रोज हजारो माणसांसमोर उभे करायचे जनावर असे असून चालत नाही.

शिक्षण लहानपणीच सुरू होई. माहूत मानेवर बसून कानांमागे पायाच्या बोटांनी इशारे देई, सोबत ठरावीक शब्द असत, आणि जमले की गूळ किंवा केळे. ही झाली सांगण्यासारखी बाजू. दुसऱ्या बाजूला अंकुश, साखळदंड आणि उपास होते. स्टुलावर चढणे, मागच्या पायांवर बसणे, तीनचाकी सायकल चालवणे या हालचाली जंगलात हत्ती सहजी करत नाही, आणि तीन-चार टनांचे शरीर मागच्या दोन पायांवर तोलले की सांध्यांवर भार येतो. प्रेक्षकांना मात्र सर्वाधिक आवडे ती शिवलिंगाची पूजा: हत्तीण घंटा वाजवी, सोंडेने पाणी घाली आणि तंबूत हात जोडले जात. बॅट धरून क्रिकेट खेळणारा हत्ती तेवढाच लोकप्रिय होता.

मराठी माणसाला प्राणीशिक्षक म्हणून आठवते ते नाव पुण्याच्या दामू धोत्र्यांचे. 1902 मध्ये जन्मलेले धोत्रे मामाच्या सर्कशीतून निघाले आणि 1940 मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या पुस्तकामुळे त्यांचे अनुभव मराठीत आले. पण त्यांची कीर्ती वाघ, सिंह, बिबट्यांवर उभी होती. पिंजऱ्यात शिरणाऱ्याचा धोका दिसतो. हत्तीजवळ झोपणाऱ्याचा दिसत नाही, म्हणून की काय, हत्तीवाल्यांना तसा लेखक लाभला नाही. वास्तविक हा सहवास कितीतरी दीर्घ. हत्ती साठ-साठ वर्षे जगतो, त्यामुळे बापाने सांभाळलेली हत्तीण मुलाच्या हाती येई. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. पावसाळ्यात खेळ बंद पडले तरी हा खर्च थांबत नसे.

हत्ती 1977 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आला आणि खरेदी-विक्रीवर कडक बंधने पडली. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांच्या खेळांवरची बंदी 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या यादीत हत्ती नव्हता, म्हणून आणखी काही वर्षे तोच सर्कशीचा शेवटचा मोठा प्राणी राहिला. 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सर्कशीत हत्ती ठेवण्यासही मनाई केली.

सुटका झालेल्या काही हत्तिणी मथुरेजवळच्या संगोपन केंद्रात गेल्या. वर्षानुवर्षे कठीण जमिनीवर साखळीत उभे राहिल्याने सर्कशीतल्या हत्तींचे तळपाय आणि नखे बिघडलेली असतात. ती रोज धुवावी, तासावी लागतात. त्यासाठी हत्तिणीने इशाऱ्यावर पाय उचलून धरावा लागतो. रिंगणात हेच सलामी म्हणून दाखवले जाई. केंद्रात ते अंकुशाविना, फळ देऊन करून घेतात.