वाढवता येईल, साहेब!

‘बाबा, मदरबोर्ड दोन ग्राफिक्स कार्डांची सोय असलेलाच घेऊ. आधी एक लावू, मग दुसरं. पुढे कधीही वाढवता येईल!’

नेरूळच्या आमच्या सिडकोच्या घरात, रविवारी सकाळी पोह्यांच्या बश्या पुढ्यात असताना चिरंजीवांनी ही घोषणा केली आणि माझ्या हातातला चमचा थबकला. मदरबोर्ड म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. थबकवलं ते शेवटच्या दोन शब्दांनी. ‘वाढवता येईल’ या शब्दांशी माझी जुनी ओळख आहे.

१९९६ साली मी आयुष्यातला पहिला संगणक घेतला. पेन्टियम, १०० मेगाहर्ट्झ. दिवाळीचा बोनस, होती नव्हती ती शिल्लक आणि थोडी उसनवारी, सगळं त्यात गेलं. ‘पुढे वाढवता येईल, साहेब,’ असं दुकानदाराने तीनदा तरी सांगितलं. दोन वर्षांनी मी वाढवायला गेलो, तोवर पेन्टियम टू बाजारात रुळला होता. त्याची बैठकच निराळी. जुना प्रोसेसर चौकोनी सॉकेटमध्ये आडवा बसायचा, नवा एखाद्या कार्डासारखा स्लॉटमध्ये उभा. म्हणजे बोर्ड बदला. बोर्ड बदलला की रॅम बदला, कॅबिनेट बदला. वाढला तो फक्त खर्च.

चिरंजीव नुकतेच इंजिनीअरिंगला गेले आहेत. वर्षभर सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले. तेवढेच मी घालायचे, असं आमचं ठरलेलं. आता त्याच्या ओळखीच्या कुणाकडे दोन जुनी ‘जीटीएक्स १०८० टीआय’ कार्डं विकाऊ होती. त्याचा हिशेब सरळ होता. दोन कार्डं म्हणजे दुप्पट वेग, आणि ११ अधिक ११ म्हणजे २२ जीबी मेमरी.

मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. पण अर्धे पैसे त्याच्या घामाचे होते, आणि १९९६ चा माझा राग हे काही त्याला नाही म्हणण्याचं कारण होऊ शकत नव्हतं. म्हणून ठरवलं, आठवडाभर दोघांनी अभ्यास करायचा आणि शनिवारी बाजारात जायचं.

अभ्यासाला बसलो आणि कळलं, ही हौस माझ्या पेन्टियमएवढीच जुनी. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू टू’ची दोन कार्डं जोडता येत. पडद्यावरच्या ओळी ती आळीपाळीने रंगवत. २००४ मध्ये एनव्हिडियाने ‘एसएलआय’ आणलं, पुढच्याच वर्षी एटीआयने ‘क्रॉसफायर’. या पद्धतींत बहुतेक वेळा एक कार्ड एक चित्र काढी, तर दुसरं त्याच्या पुढचं. आणि प्रत्येक कार्डाला सगळं सामान स्वतःजवळ लागे. म्हणजे ११ अधिक ११ बरोबर गेमपुरते ११ च! हे वाचून चिरंजीव पहिल्यांदा गप्प झाले.

मग मदरबोर्डाची पाळी. मला तो समजला वाशीच्या पुलामुळे. आमच्याकडे रस्ते प्रशस्त, पण मुंबई गाठायची तर खाडी ओलांडायलाच हवी. १९९२ साली वाशीला लोकल आली, तोवर सगळी मदार रस्त्याच्या पुलावर. पाम बीच रोड कितीही रुंद असू द्या, पूल अरुंद असला की गाड्या तिथेच तुंबणार. मदरबोर्डाचंही तसंच. प्रोसेसरपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत घरगुती संगणकात साधारणपणे १६ लेन असतात. बऱ्याचशा बोर्डांवर त्या सगळ्या पहिल्या स्लॉटला दिलेल्या. दुसरा स्लॉट दिसायला तेवढाच लांब, पण आत बहुधा चारच लेन, त्याही चिपसेटच्या आडवाटेने. एसएलआयला मात्र प्रत्येक कार्डामागे किमान ८ लेन लागत. म्हणजे आठ-आठ अशी वाटणी करणारा आणि एसएलआयची मान्यता असलेला बोर्ड हवा. शिवाय दोन कार्डांमध्ये हवा खेळेल इतकी जागा हवी. एकेक कार्ड २५० वॅटचं. मे महिन्यात नेरूळच्या दमट दुपारी अर्ध्या किलोवॅटची शेगडी खोलीत पेटवल्यासारखंच ते.

‘आणि विजेचं बिल?’ स्वयंपाकघरातून प्रश्न आला. कुणी उत्तर दिलं नाही.

खरा अडसर मात्र बोर्डात नव्हताच. अलीकडचे गेम नवं चित्र काढताना आधीच्या चित्राचा आधार घेतात. मग दुसरं कार्ड पहिल्याची वाट पाहत बसतं. २०१५ साली आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने दोन कार्डांची जुळणी करण्याचं काम गेम लिहिणाऱ्यांवर सोपवलं आणि बहुतेकांनी ते अंगावर घेतलं नाही. २०२१ पासून एनव्हिडियानेही नव्या गेमसाठी एसएलआयची सोय लिहिणं थांबवलं. ॲनिमेशनची चित्रं तयार करणं किंवा एआयचं काम यांत वाटणी करता येते, तिथे दोन कार्डं आजही राबतात.

‘अहो, पोळ्या लाटायला दोघी बसवल्या म्हणून पोळ्या दुप्पट होत नाहीत. तवा एकच ना!’ सौभाग्यवतींनी आठवडाभराच्या अभ्यासाचं सार एका वाक्यात सांगून टाकलं.

शनिवारी नेरूळहून कुर्ला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असे तीन गाड्या करून लॅमिंग्टन रोडला पोचलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकवाल्यांच्या तोंडी अजूनही तो जुना लाटसाहेबच. एका दुकानात विक्रेत्याने झोकात बोर्ड पुढे केला. ‘बघा, दोन लांब स्लॉट आहेत. नंतर वाढवता येईल.’

मी तोंड उघडणार, इतक्यात चिरंजीव म्हणाले, ‘दुसऱ्याला लेन किती? प्रोसेसरच्या की चिपसेटच्या?’

विक्रेत्याने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. खोक्यावरचा तक्ता वाचला. ‘चारच आहेत. चिपसेटच्या,’ तो हसून म्हणाला. ‘करणार काय दोन कार्डांचं?’

‘गेम.’

‘मग एकच घे, पण चांगलं घे.’

आम्ही तसंच केलं. एक नवं कार्ड आणि त्याच दुकानातला तो साधा, नेटका बोर्ड. रॅमच्या चार जागांपैकी दोन मुद्दाम रिकाम्या ठेवल्या, दुसऱ्या एसएसडीला जागा आहे हे तपासून घेतलं, आणि त्याच सॉकेटमध्ये वरच्या दर्जाचा कोणता प्रोसेसर बसतो, याची यादी चिरंजीवांनी आधीच काढून आणली होती. खरोखर वाढवता येतं ते एवढंच. परतीच्या गाडीत खोकं मांडीवर घेऊन तो बसला होता. १९९६ साली मी असाच बसलो होतो, फक्त मी काही विचारलं नव्हतं.

रात्री जोडणी पाहताना त्याच्या आईने त्या रिकाम्या लांब स्लॉटवर बोट ठेवलं. ‘ही जागा कशाला रे?’

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘पुढे वाढवता येईल, आई!’